वाचकांचे प्रश्न: गाव शहरात गेलं, दप्तर कुठे गेलं?

प्रश्न: आमचं कुपवाड १९९८ साली सांगली-मिरजेबरोबर महापालिकेत गेलं. गावाचा इतिहास लिहायला घेतलाय. ग्रामपंचायतच उरली नाही, मग कागद मागायचे कुणाकडे?

उत्तर: ग्रामपंचायत गेली, मौजे, म्हणजे महसुली गाव, गेलेलं नाही. सातबाऱ्यावर आजही 'मौजे कुपवाड, ता. मिरज' असंच येतं. त्यामुळे महसुली दप्तर शोधणं सोपं. खरी काळजी ग्रामपंचायतीच्या कागदांची करा. ते हस्तांतरणात महापालिकेकडे जातात आणि गठ्ठ्यांत पडून राहतात. सुरुवात तिथूनच करा.

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांचा. पण 'ग्रामपंचायतीचं सगळं रेकॉर्ड द्या' असं लिहिलंत तर 'माहिती मोघम आहे' असं उत्तर येईल. नमुना क्रमांक आणि वर्षं लिहा: नमुना ८ म्हणजे कर आकारणी नोंदवही, शिवाय मासिक सभा आणि ग्रामसभेची इतिवृत्तं. नक्कल लगेच मागू नका, आधी अभिलेख पाहायला मागा. नमुना ८ वरून कुठली आळी कधी वाढली, कौलाचं घर स्लॅबचं कधी झालं, हे वर्षावर्षाने दिसतं. नळाची आणि दिव्यांची भांडणं मात्र इतिवृत्तातच सापडतात.

तहसीलच्या अभिलेख कक्षात फेरफार, कडईपत्रक (जमिनीचं जुनं नोंदपत्रक) आणि गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक, मागा. जुन्या नोंदी मोडी लिपीत असतात. वाचणारा सोबत न्या. पानं ठिसूळ असतात, फोटोची परवानगी आधी घ्या.

एक गफलत हमखास होते. १९५१ च्या जनगणना पुस्तिकेत 'सांगली जिल्हा' शोधत बसू नका. तेव्हा जिल्ह्याचं नाव दक्षिण सातारा होतं. सांगली हे नाव १९६० चं. त्याआधी, १९४८ पर्यंत, या भागातली काही गावं संस्थानी होती, काही खालसा, म्हणजे थेट ब्रिटिश अंमलाखाली. आपलं गाव कशात होतं ते ठरल्याशिवाय जुनं दप्तर शोधायला निघू नका.

प्रश्न: जुन्या उताऱ्यावरचा सर्व्हे नंबर आजच्या गट नंबराशी जुळत नाही. का?

उत्तर: १९४७ च्या कायद्यानुसार विखुरलेल्या जमिनींचं एकत्रीकरण झालं त्या गावांत नंबर बदलले. भूमी अभिलेख कार्यालयातून ९(३), ९(४) चा उतारा काढा. त्यात जुना आणि नवा नंबर शेजारी-शेजारी मिळतो. नगर भूमापन झालेल्या भागात तिसरा नंबरही असतो, सिटी सर्व्हेचा. मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) उघडूनही सातबारा बंद न झालेल्या जागा असतात. तिथे दोन्ही उतारे काढा, नाहीतर एकच जागा तुमच्या नकाशात दोनदा येईल.