वनस्पतीतून वेगळा केलेला घटक संधिवातावर गुणकारी आहे का, हे उंदरांवर कसं तपासतात?

उंदरांमध्ये आधी संधिवात घडवून आणतात, मग काहींना तो घटक आणि काहींना तो ज्यात विरघळवला ते नुसतं द्रावण देऊन सांध्यांची सूज आणि झीज यांची तुलना करतात. आमवातासाठी (रूमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटल्याने होणारा संधिवात) खूप वापरलं जाणारं मॉडेल कोलॅजेन या प्रथिनाचं आहे. डीबीए/१ जातीच्या उंदरांना टाइप २ कोलॅजेन फ्रॉइंडच्या अ‍ॅडज्युव्हंटमध्ये (प्रतिकारशक्तीला चेतवणारं तेलकट मिश्रण) घोटून टोचतात आणि साधारण २१व्या दिवशी बूस्टर देतात. हे कोलॅजेन सांध्यांच्या कूर्चेतही (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) असतं, त्यामुळे प्रतिकारशक्ती उंदराच्या स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. मग दर पंजाला सुजेनुसार ० ते ४ गुण, म्हणजे एका उंदराला जास्तीत जास्त १६. कोणता उंदीर कोणत्या गटातला हे गुण देणाऱ्याला कळता कामा नये. एवढं पाळलं नसेल तर त्या आकड्यांवर मी तरी विसंबणार नाही. शेवटी सांध्यांचे पातळ छेद रंगवून कूर्चा आणि हाड सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, टीएनएफ-अल्फा, आयएल-६ वगैरे दाह वाढवणारी प्रथिनं मोजतात. तुलनेसाठी मेथोट्रेक्सेट हे आमवातावरचं नेहमीचं औषध दिलेला गट असला तर उत्तम.

मात्र डोस कधी सुरू केला, हे आधी बघा. सूज येण्यापूर्वीच दिलेला घटक कदाचित रोगाची सुरुवातच रोखत असेल. रुग्ण डॉक्टरकडे येतो तेव्हा सांधे आधीच सुजलेले असतात, त्यामुळे सूज दिसल्यावर सुरू केलेल्या डोसचा निकालच त्याच्या परिस्थितीच्या जवळ जातो.