वाचकांचे प्रश्न : वळवाची वीज आणि बंद असलेला अ‍ॅम्प्लिफायर

प्रश्न : आमचे घर फुलेवाडीत असून गच्चीवर डिश आहे. गेल्या महिन्यात वळवाच्या पावसात जवळच कुठेतरी वीज कोसळली. घरावर पडली नाही, दिवेही गेले नाहीत. त्या वेळी अ‍ॅम्प्लिफायर भिंतीवरच्या बटणाने बंद केलेला होता आणि तो स्टॅबिलायझरवर आहे. तरीही तेव्हापासून टीव्हीचा आवाज अ‍ॅम्प्लिफायरमधून येत नाही आणि सेट टॉप बॉक्स पूर्ण बंद पडला आहे. मोबाइल साध्या वायरने जोडला तर मात्र गाणी व्यवस्थित वाजतात. दुरुस्ती करणारे ‘व्होल्टेज वाढले असेल’ एवढेच सांगतात. बंद असलेले यंत्र जळते कसे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या पत्रातले सर्वांत उपयोगी वाक्य मोबाइलचे आहे. विजेचा झटका मुख्य लाइनीतून आला असता, तर अ‍ॅम्प्लिफायरचा वीजपुरवठ्याचा भाग सर्वांत आधी गेला असता आणि त्याचा साधा दिवाही लागला नसता. आपल्याकडे तो भाग शाबूत आहे आणि एचडीएमआयचा, म्हणजे टीव्ही व सेट टॉप बॉक्सशी चित्र-आवाजाच्या एकाच वायरीने जोडणारा भाग तेवढा निकामी झाला आहे. शिवाय डिशची केबल जिथे येऊन मिळते तो सेट टॉप बॉक्सही गेला आहे. म्हणजे झटका बहुधा डिशच्या केबलने खाली उतरला, सेट टॉप बॉक्समधून एचडीएमआयच्या वायरीने पुढे सरकला आणि अ‍ॅम्प्लिफायरमधून घराच्या वायरिंगकडे निघून गेला. वाटेत जे नाजूक होते ते जळाले. एचडीएमआयची चिप जेमतेम ३ ते ५ व्होल्टवर काम करते.

यासाठी वीज घरावर पडावी लागत नाही. एका विजेतून साधारण ३०,००० अ‍ॅम्पिअर प्रवाह जातो आणि तो काही मायक्रोसेकंदांत शिखर गाठतो. इतक्या वेगाने वाढणाऱ्या प्रवाहाभोवतीचे चुंबकीय क्षेत्र आसपासच्या प्रत्येक लांब वायरीत विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, निर्माण करते, आणि गच्चीवरून उतरलेली केबल व घराचे वायरिंग मिळून असा एक मोठा फासच तयार झालेला असतो. दुसरे असे की, वीज जिथे जमिनीत शिरते तिथल्या मातीतला विजेचा दाब क्षणभर प्रचंड वाढतो. डिशच्या स्टँडला एक अर्थ (जमिनीत पुरलेली सुरक्षेची जोडणी) आणि मीटरजवळ दुसरा अर्थ असेल, तर या दोहोंत काही हजार व्होल्टचा फरक पडू शकतो, आणि तो फरक आपला अ‍ॅम्प्लिफायर आपल्या अंगावर घेतो.

आता बटणाविषयी. भिंतीवरचे बटण फक्त फेज तोडते. न्यूट्रल आणि अर्थ जोडलेलेच राहतात. त्यातही बटणातली फट काही मिलिमीटरची असते आणि हवेतून ठिणगी उडायला प्रत्येक मिलिमीटरला सुमारे ३,००० व्होल्ट पुरतात. एचडीएमआयच्या वायरीला तर बटणच नसते. स्टॅबिलायझरला दोष देऊ नये, कारण ते त्याचे कामच नव्हे. त्यातल्या रिलेला हलायला काही मिलिसेकंद लागतात, तेवढ्या वेळात झटका येऊन गेलेला असतो. जादा प्रवाह झाला की आपोआप पडणाऱ्या एमसीबीच्या बटणाचीही तीच गत. ‘स्टॅबिलायझर आहे ना, मग काळजी नाही’ हे वाक्य दुकानात इतक्या सहजपणे बोलले जाते की, ग्राहकाने त्यावर विश्वास ठेवला यात नवल नाही.

सर्वांत खात्रीचा उपाय फुकटचा आहे : ढग दाटून येऊ लागताच प्लग आणि डिशची केबल, दोन्ही काढून ठेवावे. नुसता प्लग काढल्याने अर्धेच काम होते. मात्र हे आधी करावे. कडकडाट सुरू झाल्यावर वायरींना हात लावू नये. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतच्या सेकंदांना तीनने भागले की किलोमीटरमध्ये अंतर मिळते, आणि ते १० किलोमीटरच्या आत आले असेल तर उपकरणे गेली तरी चालतील, असे समजून दूर राहावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देते.

घरात कोणी नसेल तेव्हासाठी मीटर बोर्डाजवळ सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे झटका अर्थकडे वळवणारे साधन, बसवून घ्यावा; तो टाइप २ या प्रकारचा असावा. तो बसवताना वायरमनच्या शेजारी उभे राहावे, असा माझा आग्रह आहे. प्रोटेक्टरच्या जोडणीच्या वायरी मिळून अर्ध्या मीटरपेक्षा लांब नसाव्यात, कारण जोराच्या झटक्यात वायरीच्या प्रत्येक मीटरमागे हजारभर व्होल्ट जादा उभे राहतात. सफाईसाठी घातलेली वेटोळी इथे घातक ठरतात. डिशची केबलही शक्यतो तिथूनच आत घ्यावी, तिला केबलचा प्रोटेक्टर लावावा आणि दोहोंचा अर्थ एकच ठेवावा. डिशसाठी वेगळा खड्डा खणून तो मुख्य अर्थाला न जोडणे म्हणजे वर सांगितलेला धोका विकत घेणे होय. पेठांतल्या जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नसते. तिथे आधी अर्थिंग करून घ्यावे. प्रोटेक्टरमधला व्हॅरिस्टर, म्हणजे बडीशेपेच्या गोळीसारखी दिसणारी चपटी चकती, झटके सोसून झिजतो. म्हणून खिडकीतली हिरवी खूण लाल झाली की तो बदलावा.

आपल्या अ‍ॅम्प्लिफायरबद्दल एवढेच की, एचडीएमआयचा बोर्ड बदलण्यापूर्वी त्याचे ऑप्टिकल इनपुट तपासून पाहावे. ते चालत असेल तर टीव्हीचा आवाज त्याच वायरीने घ्यावा. या वायरीतून प्रकाश जातो, तांबे नसते, त्यामुळे झटक्याची ती वाट आपोआप बंद होते. अ‍ॅटमॉससारखे सभोवार आवाजाचे काही नवे प्रकार तिच्यातून मिळत नाहीत. पण बातम्या, नाट्यगीते आणि क्रिकेटचे समालोचन यांना ती पुरेशी आहे.

प्रश्न : राजारामपुरीतील आमच्या इमारतीवर तडितवाहक आहे. मग फ्लॅटमधली म्युझिक सिस्टिम सुरक्षित मानावी का?

उत्तर : नाही. तडितवाहक भिंतींना तडे आणि आग यांपासून इमारत वाचवतो. तो वीज जमिनीत नेतो तेव्हा शेजारच्या वायरिंगमध्ये झटका उलट जोराने येऊ शकतो. अशा इमारतीच्या मुख्य पॅनेलवर थेट विजेचा प्रवाह सोसणारा टाइप १ चा प्रोटेक्टर हवा आणि फ्लॅटमध्ये टाइप २ चा. सोसायटीच्या पुढच्या सभेत पहिल्याचा विषय घ्यावा.