रोडरनरमधल्या कायोटीचं उडणं बघून मुलांच्या डोक्यात चुकीचं विज्ञान बसतं का?

तुम्ही लिहिलंय की तुमचा नऊ वर्षांचा मुलगा रोडरनर या जुन्या अमेरिकी कार्टूनमधल्या कायोटीचा, म्हणजे रोडरनर पक्ष्यामागे धावणाऱ्या त्या कोल्ह्यासारख्या प्राण्याचा, वटवाघळाच्या पंखांचा पोशाख घालून उडायचा प्रसंग परत परत लावतो आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, असलं बघून पोराचं विज्ञान कच्चं राहील. नाही राहणार. मी बावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि नेमका हाच प्रसंग वर्गात दाखवला म्हणून बोलणी खाल्ली. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

2019 ची गोष्ट. दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. जूनमध्ये शाळा सुरू होते तेव्हा निम्म्या वर्गाचा हा धडा सुट्टीत क्लासला होऊन गेलेला असतो. समीकरणं पाठ, उदाहरणं पाठ, आणि चेहऱ्यावर एकही प्रश्न नाही. मला ते बघवेना. दुसऱ्या दिवशी घरून लॅपटॉप नेला आणि 1956 सालच्या 'जी व्हिझ्झ' या रोडरनरच्या कार्टूनमधला तेवढाच तुकडा लावला. कायोटी कड्यावरून उडी मारतो, हात फडफडवत दगडासारखा खाली येतो, जमीन जवळ आल्यावर पंख हवा धरतात आणि तो तरंगायला लागतो. मग तो आपल्याकडे बघून फुशारकीने हसतो आणि समोरच्या कड्यावर आपटतो. वर्ग खदखदून हसला. हसू ओसरल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी तोंड न उघडणारी. म्हणाली, "बाई, त्याला उडता येत होतं ना? मग तो आपटला का?"

बावीस वर्षांत यापेक्षा चांगला प्रश्न माझ्या वर्गात कुणी विचारला नाही.

कारण उडण्याच्या खऱ्या इतिहासात माणसं इथेच अडली होती. जर्मनीच्या ओटो लिलिएंथालने स्वतः बांधलेल्या ग्लायडरवरून सुमारे दोन हजार वेळा उड्डाण केलं. हवा माणसाला उचलून धरते हे त्याने सिद्ध केलं होतं. पण तोल सांभाळायला त्याच्याकडे लोंबकळत्या अंगाचं वजन इकडेतिकडे नेण्यापलीकडे फारसं काही नव्हतं. 9 ऑगस्ट 1896 ला तो पंधराएक मीटरवरून कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. राइट बंधूंनी ओळखलं की उचलून धरणारा पंख पुरेसा नाही, तो वळवता आला पाहिजे. पंखांची टोकं पिळून विमान तोलायची युक्ती त्यांनी आधी पतंगावर आणि ग्लायडरवर घोटली आणि मगच इंजिन बसवलं. 17 डिसेंबर 1903 चं पहिलं उड्डाण फक्त 12 सेकंदांचं होतं, 120 फुटांचं. कायोटीला तरंगता आलं, वळता आलं नाही, म्हणून तो आपटला. हे मी फळ्यावर लिहीत होते तेवढ्यात पर्यवेक्षक सर दारात आले.

हसण्याचा आवाज ऑफिसपर्यंत गेला होता. मुलांसमोरच म्हणाले, "बाई, हा वर्ग आहे, थेटर नाही." मी लॅपटॉप मिटला. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये त्यांनी आणखी सुनावलं: कार्टूनमध्ये सगळंच खोटं असतं, आणि बोर्डाच्या पेपरात कोल्ह्यावर प्रश्न येणार आहे का?

सगळं खोटं नसतं. त्या पोशाखात आधी खाली पडणं आणि मग तरंगणं हा क्रम अगदी बरोबर आहे. पंखाला वेग लागतो आणि कड्यावरून उडी टाकणाऱ्याला तो पडूनच मिळतो. आजचे विंगसूट, म्हणजे हातापायांमध्ये कापडी पंख असलेला पोशाख, घालून उडी मारणारे हेच करतात: सुरुवातीला पडतात, वेग आला की साधारण एक मीटर खाली येताना अडीच मीटर पुढे जातात. कायोटी जमिनीला समांतर जात राहतो, ते मात्र खोटं. आणि नुसते हात फडफडवून माणूस वर जात नाही.

आता मोजमाप. या कार्टूनचे दिग्दर्शक चक जोन्स सांगत की कायोटी पडताना 18 चित्रचौकटींत दिसेनासा होतो आणि त्यानंतर 14 चौकटींनी खाली धूळ उडते. सेकंदाला 24 चौकटी. म्हणजे सगळं पडणं दीड सेकंदाच्याही आत. मी मुलांना विचारलं होतं, एवढ्या वेळात खरी वस्तू किती पडेल? क्लासला पाठ केलेलं समीकरण पहिल्यांदा कामाला आलं. उत्तर पावणेनऊ मीटरच्या आसपास, म्हणजे तीनमजली इमारत. आणि चित्रातली दरी केवढी खोल! कार्टूनमध्ये खोटं नेमकं कुठे आहे, ते दहावीच्या मुलांनी स्वतः आकड्याने पकडलं. पर्यवेक्षक सर पाच मिनिटं आधी आले असते तर त्यांनाही ते दिसलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी कार्टून लावलं नाही. रद्दी कागद आणि यू-पिना नेल्या. मुलांनी विमानं करून वरच्या मजल्याच्या व्हरांड्यातून सोडली. नाकाला पिन लावली की सूर सरळ लागतो, मागची एक कड किंचित दुमडली की विमान वळतं. त्या मुलीचं विमान मैदानातल्या कडुनिंबाला वळसा घालून झेंड्याच्या कट्ट्यापाशी उतरलं. तिने आठ वेळा कड बदलून बघितली होती आणि प्रत्येक वेळी विमान कुठे गेलं ते वहीत लिहिलं होतं.

तुमच्या मुलाचं म्हणाल तर कार्टून बंद करू नका. त्याच्या शेजारी बसा आणि आपटायच्या आधी थांबवून विचारा, आता काय होईल? मग फास्ट अँड फरीअस हे 1949 चं पहिलं कार्टून दाखवा. त्यात कायोटी महाबली नायकासारखा नुसता झगा घालून उडी मारतो आणि सरळ खाली जातो. दोन्हींत फरक काय, ते त्याला शोधू द्या. बोर्डाच्या पेपरात येवो न येवो.

एक राहिलं, आणि ते महत्त्वाचं आहे. पाच-सहा वर्षांच्या आतली मुलं घरात असतील तर त्यांना हे एकट्याने बघू देऊ नका. कायोटी पुढच्या क्षणी धडधाकट उभा राहतो, खरा माणूस राहत नाही, हे त्या वयात समजेलच असं नाही. 'जी व्हिझ्झ' आलं 5 मे 1956 ला. त्याच महिन्याच्या 21 तारखेला लिओ व्हॅलेंटिन हा फ्रेंच माणूस लिव्हरपूलमध्ये लाकडी पंख लावून विमानातून उडी मारताना गेला. नऊ वर्षांच्या मुलाला ही गोष्ट सांगता येते, सांगावीच. माझ्या वर्गात मी ती सांगणार होते. लॅपटॉप मिटावा लागला, म्हणून राहून गेली.