वाचकांचे प्रश्न : दिवा गेला, पाणी मात्र कोमटच

प्रश्न : आमचा २५ लिटरचा, २ किलोवॉटचा गीझर चार वर्षं बोअरच्या पाण्यावर चालतोय. हल्ली दिवा दहा मिनिटांतच जातो, पाणी मात्र कोमट. आतून टकटक आवाजही येतो. मेकॅनिक म्हणतो कॉइल गेली, बदलायला हवी. बदलू का? (लातूर)

उत्तर : कॉइल गेली असती तर पाणी तापलंच नसतं. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला २ किलोवॉटच्या कॉइलला साधारण अर्धा तास लागतो. तुमचा दिवा दहा मिनिटांत जातो, म्हणजे थर्मोस्टॅट (पाणी पुरेसं तापलं की करंट तोडणारा भाग) फसतोय. त्याची नळी कॉइलच्या शेजारीच असते. दोन्हींवर मिळून क्षाराचा जाड लेप बसला, की त्या लेपातच उष्णता अडकते, नळी लवकर तापते आणि करंट तुटतो. टाकीतलं बाकीचं पाणी तसंच राहतं. टकटक आवाजही त्याच लेपाचा : खाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती फुटत बाहेर पडते. असं चालू ठेवलंत, तर कॉइल तापून खरंच जाईल. तेव्हा आधी गीझर उघडून साफ करा. वीजजोडणीला हात लावायची सवय नसेल, तर इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, पण शेजारी उभं राहा.

एमसीबी पाडा, प्लग काढा. गरम पाण्याचा नळ सोडून पाणी थंड येईपर्यंत वाहू द्या आणि मगच गीझरचा इनलेट कॉक बंद करा. गरम पाण्याचा नळ उघडा ठेवल्याने टाकी रिकामी होते, हा गैरसमज आहे. गरम पाण्याची नळी आत टाकीच्या वरच्या टोकापर्यंत गेलेली असते. त्या नळातून फक्त हवा आत जाते. पाणी खालून काढावं लागतं. इनलेटवरचा सेफ्टी वॉल्व्ह पाणी उलट जाऊ देत नाही, म्हणून त्याची दांडी उचला किंवा तो वॉल्व्हच खोला. खाली दोन बादल्या हव्यात.

खालचं झाकण काढल्यावर वायरींचा फोटो काढून ठेवा. मग नट सोडून कॉइलची प्लेट हळूच खाली घ्या. मूठभर पांढरी खडी तोंडावर पडू शकते. प्लेटवरच बहुतेकदा मॅग्नेशियमची कांडी असते, तिलाच अ‍ॅनोड रॉड म्हणतात. टाकीच्या पोलादाऐवजी ती गंजते, तेच तिचं काम. अर्ध्याहून बारीक झाली असेल किंवा मधली तार दिसत असेल, तर बदला. बोअरच्या पाण्यात ती वर्ष-दोन वर्षांत संपू शकते. दोन वर्षांनंतरही नव्यासारखी दिसत असेल, तर खूश होऊ नका : तिचा टाकीशी धातूचा संपर्क तुटलेला असू शकतो. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली की असं होऊ शकतं.

कॉइल साफ करायला एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व घाला आणि तासभर बुडवून ठेवा. कांडी आधी काढा, वायरींची टोकं कोरडी राहू द्या. स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, कॉइलचं आवरण पातळ असतं. संडास साफ करायचं अ‍ॅसिडही नको, ते धातू खातं. टाकीत दोन-तीनदा थोडं थोडं पाणी सोडून गाळ काढा.

जोडताना गॅसकेट (प्लेट आणि टाकी यांच्यामधली रबरी रिंग) नवंच घाला, जुनं परत बसवलं की ठिबकू शकतं. नट समोरासमोरचे आलटून-पालटून आवळा. आधी टाकी भरा : गरम नळातून फुसफुस थांबून सलग धार आली की ती भरली. दहा मिनिटं गळती बघा आणि मगच वीज द्या. रिकाम्या टाकीत वीज दिली, तर कॉइल मिनिटांत जळते.

प्रश्न : गीझर लावला की सेफ्टी वॉल्व्हमधून पाणी ठिबकतं. प्लंबर तिथे प्लग मारून देतो म्हणतो. (ठाणे)

उत्तर : मुळीच मारू देऊ नका. २५ अंशांचं २५ लिटर पाणी ७५ अंशांवर गेलं की अर्ध्या लिटरहून जास्त फुगतं. मागे जायचा रस्ता बंद असतो, म्हणून ते वॉल्व्हमधून बाहेर येतं. तो रस्ताही बुजवला तर टाकी फाटू शकते. वॉल्व्हला बारीक नळी लावून ती नहाणीच्या जाळीपर्यंत न्या.

गीझर बंद असतानाही दिवसभर ठिबकत असेल, तर गोष्ट वेगळी. बहुतेकदा आत कचरा बसलेला असतो. दांडी दोन-तीनदा उचलून पाणी सोडलं की निघतो. दर दोन महिन्यांनी दांडी उचलायची सवयच ठेवा, नाहीतर क्षाराने ती जाम होते. उंच इमारतीत खालच्या मजल्यांवर दाबही जास्त असतो : गच्चीवरची टाकी जितकी वर, त्यात दर १० मीटरला सुमारे एक बार. असं असेल तर दाब कमी करणारा वॉल्व्ह लाइनवर बसवावा लागतो.

प्रश्न : गरम पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, गार पाण्याला येत नाही. (वाशिम)

उत्तर : गीझर बरेच दिवस बंद होता का? सल्फेट असलेलं पाणी कोमट साचून राहिलं की त्यात जिवाणू वाढतात आणि मॅग्नेशियमच्या कांडीमुळे त्यांना जोर येतो. टाकी रिकामी करून धुवा, भरून तासभर पूर्ण तापवा आणि ते कढत पाणी जपून सगळ्या नळांतून सोडा. वास पुन्हा आला तर अ‍ॅल्युमिनियम-जस्ताची कांडी बसवा. कांडीच काढून टाकली, तर टाकी गंजेल.

प्रश्न : गच्चीवरचा काचनळ्यांचा सोलर दुपारी धुतला तर चालेल का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : नाही. उन्हात रिकामी नळी २०० अंशांच्याही वर जाऊ शकते. गार पाणी पडताच तडकते. सूर्य उगवायच्या आत उरका. नळी काढताना फिरवत काढा, लांब ब्रशने गाळ काढा, परत बसवताना रबरी रिंगला साबणाचं पाणी लावा. तळाचा चंदेरी भाग पांढरा पडलेली नळी बदला, तिची निर्वात पोकळी गेलेली असते. टाकी रिकामी करण्याआधी वरचा एअर व्हेंट (हवा आत-बाहेर जायची वाट) उघडा आहे ना ते बघा. तो क्षाराने बुजलेला असेल तर पाणी निघताना टाकी आत चेपते, आणि चेपलेली टाकी बदलावीच लागते.