दत्तक मूल मोठेपणी जन्मदात्यांना शोधायला निघतं, या विषयावर एखादा विनोदी सिनेमा आहे का? आईबाबांसोबत बघता येईल असा?

आहे, आणि माझा फार आवडता आहे. 'फ्लर्टिंग विथ डिझास्टर', 1996 चा अमेरिकन सिनेमा, लेखक-दिग्दर्शक डेव्हिड ओ. रसेल. तुम्ही स्वतः दत्तक आहात आणि शोधाचा विषय घरी कसा काढावा या विचारात आहात असं लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी एका दत्तक मुलीची आई आहे.

बेन स्टिलर म्हणजे न्यूयॉर्कचा कीटकशास्त्रज्ञ मेल. मुलगा चार महिन्यांचा झाला तरी बारसं नाही, कारण आपण कुणाचे हे कळल्याशिवाय त्याला नावच सुचत नाही. दत्तक संस्थेतली टीना जन्मदात्रीचा पत्ता काढते आणि भेटीचं चित्रीकरण करायला स्वतःही निघते. मेल, त्याची बायको नॅन्सी, तान्हं बाळ आणि टीना, अशी वरात सॅन दिएगोला पोचते.

आपल्या सिनेमांत हरवलेलं मूल सापडतं ते गळ्यातल्या लॉकेटवरून किंवा दंडावरच्या खुणेवरून, आणि त्याआधीच आईच्या काळजात काहीतरी हललेलं असतं. रक्ताची ओढ! इथेही ती ओढ लागते. सॅन दिएगोच्या बाईंच्या जुळ्या मुली उंच, सोनेरी केसांच्या, मेलशी काडीचं साम्य नाही. तरी मिठ्या पडतात, जवळीक वाटायला लागते. मग कळतं, संस्थेच्या कागदपत्रांत घोळ झालाय, ही त्याची आई नव्हेच. पुढे मिशिगनमधला एक ट्रकवाला. आधी अंगावर धावून येतो, आणि हा आपला मुलगा असावा असं वाटताच इतका विरघळतो की ट्रकचं स्टिअरिंगच मेलच्या हाती देतो. ट्रक थेट पोस्टाच्या इमारतीत घुसतो. तोही बाप नाही निघत.

मला हे फार मोलाचं वाटतं. माणसाला आपलं कुणी हवं असतं तेव्हा माया खरीच दाटून येते, समोरचा कुणीही असो. सिनेमा मेलच्या त्या गरजेला हसत नाही. हसतो ते उत्तर रक्तातच मिळेल या खात्रीला.

खरे जन्मदाते न्यू मेक्सिकोत भेटतात. अॅलन अल्डा आणि लिली टॉमलिन. एलएसडी या अमली पदार्थाच्या धंद्यापायी तुरुंगात गेल्यामुळे त्यांनी मूल दिलेलं असतं. त्यांच्याजवळ वाढलेला दुसरा मुलगा मेलवर जो जळफळतो, ते बघाच. शेवट सांगत नाही.

आणि वाढवणारे आईबाप! मेरी टायलर मूर आणि जॉर्ज सीगल. मुलाच्या या शोधानं ती आई दुखावली आहे, सारखी बोलते, टोचते, पण त्या बडबडीमागची धास्ती मला ओळखीची आहे. तुमच्या आईनंही ती कधी बोलून दाखवली नसेल.

आता आईबाबांसोबत बघण्याचं. शरीरसंबंधांचे प्रसंग आणि संवाद बरेच मोकळे आहेत, अमली पदार्थही आहेत. आमच्या घरी चाललं, सगळ्यांकडे चालेलच असं नाही. तेव्हा आधी एकट्यानं बघून ठरवा. दीड तासाचाच आहे.

एक मात्र सिनेमातून उचलू नका. तिथे पत्ता मिळाला की गाडी काढून निघतात. आपल्याकडे 'कारा'च्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाच्या, नियमांप्रमाणे 18 वर्षं पूर्ण झाल्यावर तुम्ही स्वतः शोधासाठी अर्ज करू शकता. पण मूल सोपवताना जन्मदात्यांनी नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर त्यांच्या संमतीशिवाय ते दिलं जात नाही. हा नियम मला योग्य वाटतो. त्या बाईचंही पुढे काही आयुष्य उभं राहिलेलं असतं. अर्ज करण्याआधी घरी सांगा. सिनेमा बघून झाल्यावर विषय काढणं सोपं जाईल. फक्त मध्येच बंद करू नका, मेलला वाढवणारे आईबाबा न्यू मेक्सिकोत येऊन पोचतात तिथपर्यंत तरी एका बैठकीत बघा.