सोमवारी हसणारा मुलगा

पालकांचा एक प्रश्न माझ्याकडे सतत येतो. ‘मुलगा घरापासून लांब होता. दर आठवड्याला फोन व्हायचा, हसून बोलायचा. आणि अचानक सगळं अर्धवट टाकून घरी आला. त्याच्यात चिकाटीच नाही का?’ पुण्या-नाशिकचे आईवडील हे विचारतात तेव्हा मुलगा वसतिगृहातून नाहीतर कोट्याच्या क्लासमधून परतलेला असतो. मी अमेरिकेत, युटा राज्यात समुपदेशन करते. तिथे हाच प्रश्न मॉर्मन घरांतून येतो. त्यातल्या एका मुलाची हकीकत आज सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मॉर्मन म्हणजे ‘चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या चर्चचे लोक. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात ते स्थापन केलं. आज त्याचं मुख्यालय सॉल्ट लेक सिटीत आहे. या समाजातले मुलगे वयाच्या अठराव्या वर्षापासून दोन वर्षांच्या प्रचारसेवेला जाऊ शकतात. त्यांनी जावं अशी अपेक्षाच असते. मुलींची मुदत दीड वर्षाची, पण त्यांच्यावर तेवढा दबाव नसतो. कुठे जायचं ते चर्च ठरवतं. पगार नाही, उलट दरमहा पैसे स्वतः किंवा घरच्यांनी भरायचे. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नावपट्टी, आणि नावाआधी ‘एल्डर’. मीही या मुलाला एल्डरच म्हणते.

दोन वर्षं पुरी करून येणाऱ्यांचं स्वागत सॉल्ट लेकच्या विमानतळावर पाहण्यासारखं असतं. फुगे, रंगवलेले फलक, आजी-आजोबांपासून तान्ह्या पोरापर्यंत सगळं घर हजर. आमच्या एल्डरला आणायला फक्त आईवडील गेले होते. तो एकोणीस वर्षांचा होता आणि निम्मी मुदतही झाली नव्हती.

त्याला उत्तर इंग्लंडमध्ये पाठवलं होतं. घरच्यांना त्याचा फार अभिमान वाटला होता, कारण इंग्लंडला गेलेले या चर्चचे पहिले प्रचारक १८३७ साली तिथल्याच प्रेस्टन शहरात पोचले आणि त्या भागातले पुष्कळ लोक धर्म बदलून पुढे युटात आले. या मुलाचे पूर्वज त्यांतलेच. त्यामुळे तो अर्ध्यातून परतला तेव्हा त्याच्या मते तो पाच पिढ्यांचा अपराधी होता.

आईचं दुःख वेगळं होतं. पूर्वी प्रचारकांना घरी फोन करायची परवानगी वर्षातून दोनदा असे, नाताळला आणि मातृदिनाला. फेब्रुवारी २०१९पासून दर आठवड्याला बोलता येतं. ‘मी दर सोमवारी त्याला डोळ्यांनी पाहत होते. तो हसत होता. मग मला कसं कळलं नाही?’ हे ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

पहिल्या भेटीत मी एल्डरला ‘का परत आलास’ हे विचारलंच नाही. त्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं: मी नालायक आहे. मी म्हटलं, तिथला कुठलाही एक आठवडा सांग, सकाळपासून रात्रीपर्यंत. तो सांगत गेला, मी लिहीत गेले.

रोज साडेसहाला उठायचं, साडेदहाला दिवा बंद. सकाळी धर्मग्रंथाचा अभ्यास, आधी एकट्याने, मग जोडीदाराबरोबर. जोडीदार चर्चने नेमून दिलेला. तो सतत नजरेच्या किंवा हाकेच्या टप्प्यात हवा. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात, त्यात जोडीदार बदलू शकतो, गावही बदलू शकतं. मंगळवारी आसपासच्या प्रचारकांची बैठक. बुधवारी पावसात दारोदार. बहुतेक दारं उघडतच नसत, काही उघडून लगेच बंद होत. एका आजींनी मात्र दोघांना आत बोलावून टॉवेल दिला. चहा पुढे केला, तर यांना चहा-कॉफी वर्ज्य. तिने मग दूध गरम करून दिलं. हे सांगताना तो पहिल्यांदा सैल झाला.

पण प्रत्येक बंद दाराबरोबर त्याच्या डोक्यात एक हिशोब सुरू होई. बसथांब्यावर माझ्या मनात वाईट विचार आला, म्हणून देवाने हे दार बंद केलं. मग मनातल्या मनात क्षमेची प्रार्थना. ती मनापासून झाली नाही असं वाटलं की पुन्हा. गुरुवारी जोडीदार झोपल्यावर तो न्हाणीघरात गुडघ्यांवर बसून रात्री दोनपर्यंत तीच प्रार्थना म्हणत होता. त्या अख्ख्या घरात एकटं राहता येईल अशी तेवढीच जागा. शुक्रवारी, भेटायचं कबूल केलेला एक माणूस आलाच नाही. एल्डरच्या हिशोबात त्या माणसाचा उद्धार आता याच्यामुळे हुकला. शनिवारी त्याने मिशनच्या, म्हणजे त्या भागातल्या प्रचारसेवेच्या, प्रमुखांना फोन करून आपली पापं सांगितली. त्यातलं एक पाप म्हणजे, जेवताना घरची आठवण काढली. प्रमुखांनी मायेने समजूत घातली. तासभर बरं वाटलं, मग नवी शंका. रविवारी उपासनेत ब्रेड आणि पाण्याचा प्रसाद रांगेतून पुढे सरकतो. आपण त्याला पात्र नाही असं ठरवून त्याने तो न घेताच पुढे दिला. रात्री आठवड्याचे आकडे कळवायचे: नवे किती भेटले, उपासनेला किती आले, बाप्तिस्म्याची, म्हणजे चर्चमध्ये येण्याच्या विधीची, तारीख किती जणांनी ठरवली.

आणि सोमवार. तो सुट्टीचा दिवस, संध्याकाळपर्यंत. कपडे धुणं, बाजार, केस कापणं, आणि आईचा फोन. सहा दिवस ताणलेला मुलगा त्या दिवशी खरोखरच हसायचा. आईला मी हेच सांगितलं, की ते हसू खोटं नव्हतं, तिला फसवलं गेलं नव्हतं. तिला आठवड्यातला एकच दिवस दिसत होता.

त्याला झाला होता तो आजार आपल्याकडे मंत्रचळ म्हणून ओळखला जातो, डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात. एक नकोसा विचार मनात घुसतो, भीती वाटते, ती शमवायला माणूस काहीतरी कृती करतो, क्षणभर सुटका होते आणि त्या सुटकेमुळेच पुढच्या वेळी कृती जास्त करावी लागते. कुणी हात धूत राहतं, कुणी कुलूप ओढून पाहतं. माणसाला जे सगळ्यात प्रिय, त्यालाच हा आजार अनेकदा पकडतो. ज्याची श्रद्धा खोल त्याला श्रद्धेतच शंका येतात. सोवळं मोडलं का, मंत्रातलं एक अक्षर चुकलं का, या धास्तीने पूजा पुन्हा पुन्हा पहिल्यापासून करणारी माणसं आपल्या घरांतही असतात. त्यांची भक्ती कमी नसते आणि या मुलाचीही नव्हती.

धर्मामुळे त्याला आजार झाला असं मी म्हणणार नाही. पण माझं मत स्पष्ट आहे: जिथे मिनिटामिनिटाचे नियम असतात, दर आठवड्याला आकडे द्यावे लागतात आणि घटकाभर एकांत मिळत नाही, तिथे अशा मनाला खाद्य भरपूर मिळतं. चर्चनेही प्रचारकांसाठी ताणावर एक पुस्तिका काढली आहे, त्यात ताणाच्या पायऱ्या रंगांनी दाखवल्या आहेत, हिरव्यापासून लालपर्यंत. एल्डरने ती वाचली होती. आपण लाल पायरीवर आहोत हे त्याला कळलंही होतं. तेही त्याने पापांच्या यादीत जमा केलं.

उपचारात मनोविकारतज्ज्ञांनी औषध सुरू केलं. माझ्याबरोबरचा सराव सांगायला सोपा, करायला फार जड होता. प्रार्थना एकदाच म्हणायची. ‘नीट झाली नाही’ असं वाटलं तरी परत म्हणायची नाही, ती अस्वस्थता तशीच राहू द्यायची. सुरुवातीला तो थरथरायचा. त्याच्या परवानगीने मी त्यांच्या बिशपशी बोलले. तिथला बिशप म्हणजे मंडळीतलाच एक नोकरदार गृहस्थ, हे काम बिनपगारी करणारा. एकदा सांगितलेली चूक पुन्हा ऐकायची नाही, असं त्यांनी कबूल केलं आणि पाळलं. सगळ्यात अवघड गेलं आईला. तो दिवसातून कितीदा तरी विचारायचा, ‘मी चुकलो नाही ना?’ आणि ती दर वेळी म्हणायची, ‘नाही रे बाळा.’ हे उत्तर बंद करायचं होतं. त्याऐवजी ‘हा आजार विचारतोय, मी उत्तर देणार नाही, पण तुझ्याजवळ बसते’ असं म्हणायचं. पहिले काही दिवस हे म्हणून झालं की ती स्वयंपाकघरात जाऊन रडायची.

वडिलांनी बऱ्याच भेटींनंतर तोंड उघडलं. त्यांना दोनच गोष्टी हव्या होत्या: तो परत कधी जाईल, आणि तोवर लोकांना काय सांगायचं. पहिल्याचं उत्तर मी असं दिलं की आजार उतारावर आल्याशिवाय हा निर्णय घ्यायचा नाही, घेईल तेव्हा तो त्यानेच घ्यायचा. दुसऱ्याचं उत्तर मुलानेच दिलं: ‘आजारी होतो म्हणून आलो, उपचार चालू आहेत, एवढंच सांगा.’

वसतिगृहातल्या मुलांच्या पालकांनी या हकिकतीतून एक गोष्ट उचलावी. फोनवर ‘बरा आहेस ना, जेवलास ना’ याला ‘हो’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा, बुधवारी दुपारी काय केलंस? रात्री किती वाजता झोपलास? जेवायला कुणाबरोबर बसतोस? उत्तर ऐकून लगेच उपाय सांगू नका. झोप उडाली असेल, एकच शंका तो पुन्हा पुन्हा विचारत असेल, क्षुल्लक चुकांसाठी स्वतःला शिक्षा देत असेल, तर परीक्षा संपायची वाट न पाहता तज्ज्ञांकडे न्या. जगणं नको असं बोलला, तर त्याच दिवशी. भारतात टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, अमेरिकेत ९८८.

एल्डरने पुढे चर्चच्याच सोयीने उरलेली सेवा घरी राहून पूर्ण करायचं ठरवलं. गरजूंना धान्य देणाऱ्या त्यांच्या भांडारात तो दिवसा काम करतो, संध्याकाळी घरी येतो, खोलीचं दार लावून घेतो. इंग्लंडला परत जावं असं त्याला अजून कधीकधी वाटतं, आणि ते वाटणं इच्छेतून येतंय की भीतीतून, यावर आमचं काम चालू आहे.