आमच्या मामाबद्दल आम्ही मुलांना काय सांगतो

तुम्ही विचारलंय की घरातलं तरुण माणूस एड्सने गेलं असेल तर त्याची आठवण कशी ठेवायची, आणि पुढच्या मुलांना खरं कारण सांगायचं की नाही.

सांगायचं. का ते लिहिते, थोडं लांबेल.

माझा सगळ्यात धाकटा मामा डिसेंबर 2000 मध्ये गेला, इथेच इंदूरला, तिशीसुद्धा गाठली नव्हती त्याने. बाकीच्या मामांना आम्ही नाव लावून हाक मारायचो, ह्याला नुसतं मामा. लोकांना सांगितलं की टीबी होता. ते खोटं नव्हतं, एचआयव्हीने अंगातली ताकद संपत आली की आपल्याकडे टीबीच गाठतो बऱ्याच जणांना, त्याचंही तेच झालं. पण अर्धं सांगितलं की उरलेलं अर्धं सांभाळत बसावं लागतं. मामाची कुठलीही गोष्ट निघाली की समोरचा विचारणार, अरे पण मग गेला कसा इतक्या लहान वयात? म्हणून हळूहळू गोष्टीच निघेनाशा झाल्या. हॉलमधला फोटो आधी आतल्या खोलीत गेला, मग कपाटात. आजाराचं नाव लपवायचं होतं आणि त्या नादात घरातून अख्खा माणूसच नाहीसा झाला, ह्याचं मला आजही फार वाईट वाटतं.

कारण माणूस काय होता! रामबागेत राहायचा, लाइट फिटिंगची कामं करायचा, आणि अनंत चतुर्दशीच्या आधी महिनाभर घरी सापडायचाच नाही. इंदूरच्या बाहेरच्यांसाठी सांगते, इथे त्या रात्री कपड्याच्या मिलांच्या झांक्या, म्हणजे दिव्यांनी सजवलेले हलते देखावे, निघतात, पहाटेपर्यंत रस्ते भरलेले असतात. हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली, मजुरांचे पैसे अडकले, तरी त्या लोकांनी झांकी बंद पडू दिली नाही, वर्गणी काढून काढायचे, आणि मामा तिथे वायरिंग करायला जायचा, एक पैसा न घेता. वर आम्हा पोरांना खांद्यावर बसवून दाखवायचा, ती बघ, ती हलणारी मान माझी आहे. क्रिकेट असलं की सुशील दोशींची हिंदी कॉमेंट्री हुबेहूब करायचा, आजी देवपूजा सोडून ऐकायला यायची. थंडीत सराफ्यातून, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारातून, गराडू हा तळलेला कंद आणायचा, वर लिंबू आणि इतका जिरावण मसाला की आमच्या डोळ्यात पाणी, आणि आईला म्हणायचा, ताई तू नको खाऊ तुला सोसायचं नाही, आणि मग तिच्यासाठी वेगळा पुडा काढायचा.

हे सगळं आम्ही बंद करून ठेवलं होतं.

घरच्यांना दोष द्यावासा मला वाटत नाही. तो काळच तसा होता. गोव्यात 1989 मध्ये डॉमिनिक डिसोझा नावाचा तरुण, नेमाने रक्तदान करणारा, तपासणीत पॉझिटिव्ह निघाला म्हणून पोलिसांनी नेला आणि जुन्या टीबी सॅनेटोरियममध्ये 64 दिवस एकटा कोंडून ठेवला. अशा बातम्या वाचलेले लोक घाबरणारच ना. मामा ज्या वॉर्डात होता तिथे पलंगाला एचआयव्हीची चिठ्ठी लावली होती, येणाराजाणारा वाचायचा. नंतर एका नातेवाइकाने त्याची गादी, शर्ट, कॅसेटी सगळं जाळलं, आणि खरं तर एचआयव्ही कपड्यांतून, भांड्यांतून, सोबत जेवल्याने पसरतच नाही. आजी मात्र शेवटपर्यंत त्याच्या ताटातलं खायची, तिला कोणी काही बोललं तर म्हणायची, माझं पोर आहे.

औषध तेव्हा होतं बरं का, तीन औषधं मिळून घ्यायची ती पद्धत 1996 मध्ये आलेली, पण महिन्याचा खर्च बाबांच्या पगारात बसणारा नव्हता. तो गेल्यावर दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी 2001 मध्ये सिप्ला ह्या औषध कंपनीने गरीब देशांसाठी दिवसाला एक डॉलरच्या आत औषध द्यायची तयारी दाखवली, आणि सरकारने 1 एप्रिल 2004 पासून फुकट द्यायला सुरुवात केली, पहिल्या यादीत महाराष्ट्र होता, मध्य प्रदेश नव्हता. आई आजही हा हिशोब करते की चार-पाच वर्षं अजून काढली असती त्याने तर. मी तिला थांबवत नाही, करू दे.

माझ्या मुलीने सहावी-सातवीत असताना फोटो बघून विचारलं तेव्हा मी सांगितलं की हा मामाआजोबा, ह्याला एचआयव्ही होता, त्यातून टीबी झाला, तेव्हा औषध परवडत नव्हतं, आता रोज एक गोळी घेऊन लोक नोकरी करतात, लग्न करतात, म्हातारे होतात. तिने ऐकलं आणि पुढचा प्रश्न काय, तर झांकीत नक्की कुठली मान त्याची होती! म्हणजे मुलांना ते जड जात नाही, आपल्यालाच जातं. त्या दिवसानंतर आईसुद्धा बोलायला लागली, इतकी वर्षं साठलेलं, एकेक. आता फोटो हॉलमध्ये आहे, आणि डिसेंबरात गराडू तळतो त्याच्या नावाने.

एक गोष्ट मात्र मी सांगत नाही. लोक लगेच विचारतात, त्याला झाला कसा? मला माहीत आहे, आईला माहीत आहे, बस. कॅन्सरने गेलेल्याच्या घरी कोणी असं उलटतपासणीसारखं विचारत नाही. तुम्हालाही विचारतील, तेव्हा सरळ म्हणा की ते मी सांगणार नाही, पण तो कसा होता ते विचारा, बसा, चहा टाकते. आणि तुमच्या घरात आज कोणी ह्या आजाराशी झगडत असेल तर 1097 ह्या सरकारी एड्स हेल्पलाइनवर फोन करा, फुकट आहे. एचआयव्ही-एड्सबद्दलचा 2017 चा कायदा सप्टेंबर 2018 पासून लागू आहे, त्यात माणसाच्या संमतीशिवाय त्याचा आजार उघड करता येत नाही आणि त्यावरून नोकरी किंवा उपचारात भेदभाव करता येत नाही, त्यामुळे पलंगाला चिठ्ठी दिसली तर गप्प बसू नका.